धावपटूच्या आईस

क्रीडालेखकाने आपले जुने कागद ग्रंथालयाला देऊन टाकले, तेव्हा तिथल्या बाई प्रत्येक प्रकरण मुलाखतीच्या वहीशी ताडून बघतील, हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं.

"तुम्ही धावपटूच्या नावाने लिहून दिलेल्या आत्मचरित्रातलं आईचं प्रकरण वाचून मी रडले होते हो," बाई म्हणाल्या. "शर्यतीच्या आदल्या दिवशी ती त्याचे ओले बूट पोटाशी धरून सुकवते. वहीत मात्र एकच ओळ आहे. 'आई आठवत नाही, मी लहान असतानाच गेली.'"

त्याने मान खाली घातली. "बूट माझे होते, आईही माझीच. पुस्तकाला आई हवी होती, म्हणून देऊन टाकली."

"तुमच्या आईंना कळलं नाही?"

"धावपटूनेच लिहिलंय असं सांगून मीच तिला वाचून दाखवलं. म्हणाली, ही बाई अगदी माझ्यासारखी दिसते, तिला माझं पत्र नेऊन दे. मी नेऊन देणार कुणाला? ते न उघडताच ठेवून दिलं."

बाईंनी खोक्याच्या तळातून पिवळं पडलेलं पाकीट काढलं. "नोंद करायची तर वाचावं लागेल. वाचू?"

त्याने कशीबशी मान हलवली.

"ताई," बाई हलक्या आवाजात वाचू लागल्या, "तुम्ही नशीबवान. तुमच्या लेकाने तुमचं सगळं लक्षात ठेवलं. माझा लेकही लिहितो, पण त्याला माझं काही आठवत नसावं. हे त्याला सांगू नका हं, उगाच वाईट वाटेल त्याला."