पाय पसरायची सीट

लेक नव्या घरात सामान हलवणार हे कळल्यापासून अण्णांची कंबर धरली होती. भाजीची पिशवी उचलायची म्हटली तरी "आई गं!" करून भिंतीला टेकायचे. आणि तिच्याकडे जायच्या लांबलचक विमानप्रवासात सगळ्यात ऐसपैस सीट कोणती, हे शोधताना मात्र खुर्चीतून तासन् तास हलत नव्हते.

शेवटी बायकोच म्हणाली, "अहो, संकटकाळी उघडायच्या दाराजवळची घ्या ना! मस्त पाय पसरता येतील. वरचे पैसे मी भरते."

अण्णांना भरूनच आलं. बाई असावी तर अशी!

विमानात अण्णांनी ऐटीत पाय लांब केले, तोच एअर होस्टेस समोर येऊन उभी राहिली.

"काका, इथे धडधाकट माणसंच बसू शकतात. वेळ आली तर हे जड दार उचलून बाजूला टाकावं लागेल. जमेल ना? नाहीतर मागे टॉयलेटशेजारची मधली सीट देते."

अण्णांनी एकदा टॉयलेटकडे पाहिलं, एकदा आपल्या पसरलेल्या पायांकडे.

"दार? अगं, चौकटीसकट उचलीन! कंबर कसली, पोलाद आहे पोलाद!"

ती हसून पुढे गेली. अण्णांनी विजयी मुद्रेने बायकोकडे पाहिलं. फोन बंद करण्याआधी ती लेकीला घाईघाईने काहीतरी पाठवत होती. त्यांनी मान वाकडी करून वाचलं.



"हमालांना नको म्हणून सांग. कपाट अण्णाच उचलतील. सोबत व्हिडिओ जोडलाय."