ऐकत नाही

पहिलीचा शेरा: "मुलगी ऐकत नाही."
आईने तिचे कान तपासून आणले. कान उत्तम.

दुसरीचा शेरा: "सांगितलेलं अजिबात ऐकत नाही."
आईने पुन्हा कान तपासून घेतले. डॉक्टर हसले, "अहो, हिचे कान माझ्यापेक्षा तिखट आहेत!"

तिसरीचा शेरा: "या कानाने ऐकते, त्या कानाने सोडून देते."
आईने दोन्ही कान वेगवेगळे तपासून घेतले.

चौथीच्या बाईंनी शेरा लिहिलाच नाही. आईला बोलावून घेतलं.

"ऐकते हो ती. पण वही काढ, तारीख घाल, गणित उतरव, असं एका दमात सांगितलं की वहीच्या पुढचं सगळं निसटतं. एकेक सांगितलं की नीट करते. तिच्यासाठी वर्गात मदतनीस मागता येईल, पण अर्जात कारण लिहावं लागेल. तिच्या जन्माआधी काही झालं होतं का?"

आईने कानांचा नवा रिपोर्ट हातात धरला होता. तो तिने घडी घालून पिशवीत ठेवला.

"ती पोटात होती तेव्हा मी दारू प्यायचे, बाई. लिहा तसं. दर वर्षी दवाखान्याच्या बाकावर बसून मनात म्हणायचे, कानातच काहीतरी निघू दे."