येतो

शगुफाने तो फोटो दोन्ही हातांनी धरला.

अमेरिकेतल्या नेपरव्हिलच्या घराच्या बेसमेंटमध्ये प्रेस फोटोग्राफर देवांगने आपलं सगळं अफगाणिस्तान खोक्यांत भरून ठेवलं होतं. युद्धाचे प्रिंट, निगेटिव्ह, प्रेसचे पास, अगदी चहाच्या पुड्यांचे कागदसुद्धा. सोमवारी युनिव्हर्सिटीची गाडी येऊन ते संग्रहासाठी घेऊन जाणार होती. त्याआधी देवांगचा पत्ता शोधत ही मुलगी जवळच्या शॉमबर्गहून आली होती. तालिबान त्यांच्या शहरात शिरले तेव्हा तिच्या घरच्यांनी भीतीपोटी सगळे फोटो चुलीत घातले. वडिलांचा चेहरा आता या एका पोलरॉइडवर उरला होता, आणि पोलरॉइडची दुसरी प्रत नसते.

फोटोत एक म्हातारा दारात उभा होता, उजवा हात छातीवर.

"तुम्ही आमच्या घरून निघालात तेव्हाचा," ती इंग्रजीत म्हणाली. "हा काढलात आणि बाबांना म्हणालात, 'मेआयम'."

"म्हणजे 'येतो'," देवांगने शेजारी उभ्या असलेल्या आईला, सुनेत्राबाईंना, सांगितलं. तेवढी फारसी त्याला अजून आठवत होती.

"बाबांनी वाट पाहिली. दर शुक्रवारी भात जास्तीचा शिजायचा. रात्री दाराला कडी लावू द्यायचे नाहीत. भाऊ चिडायचा, दिवस वाईट आहेत म्हणायचा. तर बाबा म्हणायचे, पाहुणा येतो म्हणालाय, त्याला बंद दार दिसायला नको. गेल्या वर्षी वारले." तिने मान वर केली. "तुम्ही का नाही आलात?"

देवांग आईकडे वळला. परत जायचं तेव्हा त्याच्या मनातही नव्हतं. "आई, आय वॉज जस्ट सेइंग बाय."

सुनेत्राबाईंना आठवलं. लहानपणी हा स्कूलबसकडे धावताना 'आई, जातो' म्हणायचा आणि त्या त्याला हाका मारून मागे बोलवायच्या. जातो नाही, येतो म्हण. मग बस चुकली तरी चालेल. पुढे त्याचं मराठी बरंचसं सुटलं, तेवढं मात्र पक्कं राहिलं.

"त्याची चूक नाही गं," त्या शगुफाला इंग्रजीत म्हणाल्या. "आमच्यात निघताना 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात. गेलेलं माणूस परत येत नाही, म्हणून. मीच शिकवलं त्याला."

शगुफाने पुन्हा फोटोकडे पाहिलं. "म्हणजे तो नुसता निरोप होता."

"हो."

"बरं झालं, बाबांना कळलं नाही."

देवांगने तिच्याकडून फोटो घेतला, मागे चिकटवलेला युनिव्हर्सिटीच्या यादीतला नंबर नखाने खरवडून काढला आणि फोटो परत तिच्या हातात ठेवला.

वर दाराशी शगुफाने बूट चढवले. बाहेर बर्फ भुरभुरत होता. वळून तिने उजवा हात छातीवर ठेवला, थेट वडिलांसारखा.

"मेआयम," ती म्हणाली आणि गाडीकडे चालू लागली.

तिची गाडी दिसेनाशी झाल्यावर देवांग दार बंद करायला पुढे झाला.

"नुसतं लोटून घे," सुनेत्राबाई म्हणाल्या. "लॉक नको करूस."