जोडणी

“हा प्रस्ताव अगदीच कच्चा आहे गं, परत पाठव,” संगणकातून डॉ. राजवाड्यांचा आवाज आला. विद्यापीठाच्या संशोधन कक्षात काम करणाऱ्या त्यांच्या बायकोला, नलिनीला, हसू आलं. आपला आवाज आणि पारख त्यांनी हयातीतच प्रस्ताव तपासणाऱ्या या यंत्रणेला शिकवली होती. ते वारल्याची नोंद आस्थापना विभागाच्या वेगळ्या यंत्रणेत होती. दोन्ही यंत्रणा जोडायचं काम नलिनी काही ना काही निमित्त काढून लांबवत आली होती. आज कक्षाच्या साहेबांनी तंबीच दिली, तेव्हा तिनं बटण दाबलं.

पडद्यावर डॉ. राजवाड्यांच्या नावापुढे ‘मृत’ अशी नोंद उमटली.

“नलू, मला सांगायचं तरी होतंस.”

“जीभ रेटली नाही हो.”

संध्याकाळी संगणक बंद करताना तो आवाज रोज “येतो गं” म्हणायचा. आज म्हणाला, “जातो.”