पहिल्या उड्डाणाचा गोरसपाक

माधवी आज पहिल्यांदाच एकटी ग्लायडर उडवणार, म्हणून तिचे वडील नत्थूभाऊ वाटायला गोरसपाकाच्या गोड बिस्किटांचा डबा घेऊन सकाळीच आंजीच्या माळावर हजर झाले होते. पण प्रशिक्षक रत्नदीप सर तिला सोडायलाच तयार नव्हते. ग्लायडर जोडलं की तपासणी झालीच पाहिजे, हा नियम.

"सर, शेपूट म्या स्वतः बसवलं नं," माधवी कुरकुरली. नत्थूभाऊंनाही राग आला. पोरीवर एवढा अविश्वास काऊन?

"बस आत," सर म्हणाले. "दांडी घट्ट धर, मी शेपटीची फळी ढकलून पाह्यतो. दांडीशी जोडणी पक्की असन तं फळी हलणार नाई."

माधवीनं दोन्ही हातांनी दांडी आवळली. सर शेपटीशी गेले, त्यांच्यामागोमाग डबा सांभाळत नत्थूभाऊ.

"पाह्यलं सर? जराशीबी हलू देली नाई!" पुढून माधवी ऐटीत ओरडली.

इकडे मागं सरांच्या हातात फळी सुपासारखी वर-खाली होत होती. नत्थूभाऊंना विमानातलं काही कळत नव्हतं, पण सरांचा उतरलेला चेहरा कळला.

"फळीची कडी लावाची राहून गेली," सर हळूच म्हणाले. "आज उड्डाण नाई."

नत्थूभाऊंनी डबा उघडला आणि सरांपुढे धरला.

"अजी, कशाचा हा? पोरगी तं उडालीच नाई."

"त्याचाच हाय, सर," नत्थूभाऊ म्हणाले. "घ्या."