पूरक विम्याचा वर्ग

पुढच्या महिन्यापासून ज्येष्ठांच्या पूरक आरोग्य विम्याचे नियम बदलणार, असं पत्र इमारतीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांना आलं आणि निवृत्त मास्तरांना दहा हत्तींचं बळ आलं. त्यांनी माळ्यावरचा फळा खाली काढला. रोज संध्याकाळी पाचला त्यांच्या बैठकीच्या खोलीत वर्ग भरू लागला. शिंपीकाका, तळमजल्यावरच्या नर्सबाई, घड्याळं दुरुस्त करणारे आजोबा, झाडून सगळे आपापलं पत्र घेऊन हजर. मागच्या खुर्चीवर मास्तरांची बायको.

दात कोणत्या योजनेत, चष्मा कोणत्या, हे मास्तर तीन-तीनदा समजावत. दुसऱ्या दिवशी शिंपीकाकांचे पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

"मास्तर, ते चष्म्याचं परत एकदा सांगता?"

"डोक्यात नुसता भुसा भरलाय तुमच्या," असं म्हणत मास्तर खुशीत फळा पुसायचे.

नवी योजना निवडून अर्ज द्यायची मुदत संपायला दोन दिवस उरले, तेव्हा ते आपला अर्ज घेऊन विम्याच्या ऑफिसात गेले. "बाकीचे अजून कच्चे आहेत," त्यांनी खिडकीतल्या बाईंना सांगितलं. "मुदत थोडी वाढवता येते का बघा."

बाईंनी यादीवरून बोट फिरवलं. "तुमच्या इमारतीतले सगळे अर्ज पहिल्याच आठवड्यात आलेत, सर. तुमच्या मिसेसचासुद्धा. तुमचाच तेवढा राहिला होता."

मास्तर घरी पोचले तेव्हा पाच वाजून गेले होते आणि खोली भरलेली होती. त्यांनी एकेक चेहरा नीट पाहून घेतला. मग खडू उचलला.

"कालचं कोणाकोणाला समजलं नाही?"

सगळे हात वर झाले. सगळ्यात आधी बायकोचा.