पहिल्या दहा पावलांपुढे

"दहा पावलं चालून दाखवा," अपंगत्वाच्या दाखल्यासाठी आलेल्या यमुना गावितला डॉक्टर म्हणाले. यमुना काठी टेकत चालली. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, 'चालू शकते.'

"अजिबात चालता येत नाही, असंच सांग," सोबत आलेल्या भावानं घरून निघताना बजावलं होतं. यमुनाला खोटं बोलायचं नव्हतं. पण हे लिहिलेलंही खरं नव्हतं.

"साहेब, ही माझी पहिली दहा पावलं. तिसाव्याला खुब्यातून कळ निघते, पन्नास पावलांच्या आत पायच उचलत नाही. मग अर्धा तास बसावं लागतं. माझी अंगणवाडी घरापासून तीनशे पावलांवर आहे. तेही लिहा."

"फॉर्मवर एवढी जागा नाही, बाई."

"मग माझ्याबरोबर फाटकापर्यंत चला."

रांगेतले सगळे बघू लागले, तसे डॉक्टर नाइलाजानं उठले. यमुना मोठ्यानं पावलं मोजत निघाली. अठ्ठेचाळिसाव्याला तिचा पाय लटपटला आणि ती तिथंच फरशीवर बसली. भाऊ धरायला धावला. तिनं त्याला हातानंच थांबवलं.

"आता लिहा," ती खालूनच म्हणाली.

डॉक्टर तिच्यासमोर उकिडवे बसले. गुडघ्यावर कागद ठेवून त्यांनी आधीचं वाक्य खोडलं आणि विचारलं, "कळ कितव्या पावलाला म्हणालात?"